साहाय्यक श्वान आणि कायद्याचे मौन

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्यापासून देशभर त्यावर वाद सुरू आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरासाठी आदेश निघाला, २२ ऑगस्टला त्यात बदल झाला आणि ७ नोव्हेंबरला शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. लहान मुलांना होणारे चावे आणि रेबीजचे भय पाहता या निर्देशांमागची चिंता रास्तच आहे. मात्र न्यायालयाचा आदेश 'भटक्या' कुत्र्यांपुरता असला, तरी फाटकावरच्या सुरक्षारक्षकापर्यंत पोहोचताना त्याचे 'कुत्रा आत सोडायचा नाही' एवढेच उरते. या सरसकट मनाईत असाही एक कुत्रा सापडतो, जो भटका नाही आणि हौसेखातर पाळलेलाही नाही. त्याला बाहेर थांबवले, तर त्याच्यासोबतच्या माणसाची सुरक्षितताच बाहेर थांबते.

हा कुत्रा म्हणजे साहाय्यक श्वान. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा श्वान आपल्याला निदान चित्रपटांतून तरी माहीत आहे. परंतु रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरत असल्याची सूचना देणारा किंवा अपस्माराचा झटका आलेल्या माणसाजवळ थांबून मदत बोलावणारा श्वान आपल्याकडे अपरिचित आहे. अशा श्वानासह एखादी व्यक्ती उपाहारगृहाच्या, रुग्णालयाच्या किंवा बसच्या दारात उभी राहिली, तर दारावरच्या माणसाने काय करावे, याचे उत्तर आपल्या कायद्यात थेट सापडत नाही. उत्तर आधीच लिहून ठेवणे सोपे असते. वाद चिघळल्यावर ते फार अवघड होऊन बसते.

वाटाड्यापासून इशारा देणाऱ्यापर्यंत

साहाय्यक श्वानांचा संघटित इतिहास शंभर वर्षांहून थोडा अधिक आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या श्वानांची शाळा निघाली. अमेरिकेत १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. पुढे ऐकू न येणाऱ्यांना दारावरची घंटा किंवा धोक्याचा भोंगा वाजल्याचे कळवणारे, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला पडलेली वस्तू उचलून देणारे श्वान तयार होऊ लागले. गेल्या दोन-अडीच दशकांत त्यात वैद्यकीय इशारा देणाऱ्या श्वानांची भर पडली. ब्रिटनमध्ये २००८ साली सुरू झालेली 'मेडिकल डिटेक्शन डॉग्ज' ही संस्था या क्षेत्रातील परिचित नाव आहे.

यांचे काम कसे चालते, हे मधुमेहाच्या उदाहरणावरून नीट समजते. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की साधारणपणे घाम, थरथर, धडधड अशी लक्षणे जाणवतात आणि रुग्ण वेळीच साखर किंवा गोड पेय घेतो. मात्र अनेक वर्षे इन्सुलिनवर असलेल्या काही रुग्णांत ही पूर्वसूचनाच बोथट होते. साखर उतरत जाते, मेंदूला इंधन अपुरे पडू लागते, पण आपल्याला काही होत आहे हेच त्यांना कळत नाही. झोपेत हा धोका अधिक. अशा वेळी शरीराच्या गंधात होणारा सूक्ष्म बदल प्रशिक्षित श्वान टिपतो आणि पंजा मारून, नाकाने ढोसून किंवा चाटून मालकाला सावध करतो. काही श्वान तपासणीच्या साहित्याची पिशवीही आणून देतात.

हे शिकवण्याची रीत आपल्या श्वानपथकांच्या रीतीहून फारशी वेगळी नाही. स्फोटकाऐवजी येथे साखर उतरलेली असताना घेतलेला घामाचा किंवा श्वासाचा नमुना असतो. तो गंध ओळखला की बक्षीस, हे नाते श्वानाच्या मनात पक्के केले जाते. त्याच्या जोडीला गर्दीत शांत बसणे, अन्नाकडे दुर्लक्ष करणे, दुसऱ्या कुत्र्याच्या भुंकण्याने विचलित न होणे, हे सारे घटवून घ्यावे लागते. या प्रशिक्षणाला साधारण दीड-दोन वर्षे लागतात आणि परदेशात एका श्वानामागचा खर्च रुपयांत मोजला तर कित्येक लाखांत जातो.

विज्ञान काय म्हणते?

या श्वानांविषयीच्या कौतुककथा भरपूर आहेत. पुरावा मात्र संमिश्र आहे. धोरण आखताना ही गोष्ट लपवून चालणार नाही. ब्रिटनमधील २७ श्वानांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर कमी-जास्त होण्याच्या चार हजारांहून अधिक प्रसंगांची त्यात नोंद होती आणि साखर उतरण्याच्या प्रसंगांपैकी सरासरी ८३ टक्के प्रसंगी श्वानांनी इशारा दिल्याचे आढळले. याउलट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आठ श्वानांच्या इशाऱ्यांची तुलना सतत साखर मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदींशी करण्यात आली. तेथे साखर उतरल्याचे केवळ ३६ टक्के प्रसंग श्वानांनी ओळखले आणि त्यांच्या एकूण इशाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्केच खरे ठरले.

एवढी तफावत का पडते? प्रत्येक श्वानाची क्षमता वेगळी, प्रशिक्षणाचा दर्जा वेगळा आणि मोजण्याची पद्धतही वेगळी. प्रशिक्षणानंतर मालकाने सराव चालू ठेवला नाही, तर शिकवलेले मागे पडते. गंधामागचे रसायनही अद्याप पुरते उलगडलेले नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या आठ महिलांच्या श्वासाची तपासणी केली. साखर उतरताना श्वासातील आयसोप्रीन या घटकाचे प्रमाण लक्षणीय वाढते, असे त्यांना दिसले. श्वान नेमका हाच गंध टिपतो का, हा पुढचा प्रश्न आहे.

अपस्माराच्या बाबतीत तर दोन कामांत काटेकोर फरक करावा लागतो. झटका आल्यावर रुग्णाजवळ थांबणे, भुंकून इतरांना बोलावणे, धोक्याची कळ दाबणे, ही कामे प्रशिक्षणाने शिकवता येतात. झटका येण्यापूर्वी इशारा देणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. झटक्याच्या वेळी शरीराला विशिष्ट गंध येतो आणि कुत्रे तो ओळखू शकतात, असे २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाच श्वानांवरील प्रयोगाने दाखवले. परंतु प्रयोगशाळेतील गंधाचे नमुने ओळखणे आणि घरात, रस्त्यावर आगाऊ सूचना देणे यांत मोठे अंतर आहे. 'आमचा कुत्रा झटक्याची हमखास पूर्वसूचना देतो' असे सांगून कोणी तो विकत असेल, तर सावध राहिलेलेच बरे.

तेव्हा श्वान हा औषधाला किंवा उपकरणाला पर्याय होऊ शकत नाही. आपल्याकडील बहुसंख्य मधुमेहींची पहिली गरज नियमित इन्सुलिन, तपासणीच्या पट्ट्या आणि परवडत असेल तर सतत साखर मोजणारा सेन्सर हीच आहे. तरीही उपकरणाची सूचना झोपेत ऐकू न येणारे, एकटे राहणारे किंवा वारंवार बेशुद्ध पडणारे काही रुग्ण असतात. त्यांच्यासाठी श्वान हा अधिकचा आधार ठरतो. अंध व्यक्तीच्या वाटाड्या श्वानाची उपयुक्तता तर निर्विवादच आहे. या सर्वांचा सार्वजनिक ठिकाणी वावरण्याचा हक्क श्वानाच्या अचूकतेच्या टक्केवारीवर टांगून ठेवता येणार नाही.

कायद्यात जागा कोठे?

भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्या करारात दिव्यांगांना सजीव साहाय्य उपलब्ध करून देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. या कराराला अनुसरून आपण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून २१ वर नेले, भेदभावास मनाई केली आणि वाजवी सोयीसुविधा देण्याचे बंधन शासनावर घातले. अधिनियमाचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. परंतु साहाय्यक श्वानाचा उल्लेख त्याच्या कलमांत नाही.

वैद्यकीय श्वानांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत कंपवात, मल्टिपल स्क्लेरॉसिस, सिकलसेल, थॅलेसेमिया यांची नावे आहेत, मधुमेहाचे नाही. अपस्मारही तेथे नावाने आलेला नाही. दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या मात्र बरीच व्यापक आहे. दीर्घकालीन दोषामुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे ज्याला समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, तो त्या व्याख्येत बसू शकतो. पण व्याख्येचा हा अर्थ दारावर उभा असलेला रखवालदार लावणार नाही आणि त्याने तो लावावा अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. त्याला साधा, एका पानावर मावणारा नियम हवा.

विमान कंपन्यांनी हे थोडेफार ओळखले आहे. पाळीव प्राणी न नेणाऱ्या कंपन्याही प्रशिक्षित सेवा-श्वानाचा अपवाद करतात. रेल्वेत प्रवाशासोबत कुत्रा न्यायचा, तर सर्वसाधारण नियमानुसार वातानुकूलित प्रथम वर्गातील संपूर्ण कूपे किंवा केबिन राखून ठेवावी लागते. नाहीतर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यातील पेटीत. हा नियम हौशी मालकांपुरता ठीक आहे. पण ज्याचे काम रात्रभर मालकाच्या शेजारी राहण्याचे आहे, तो श्वान गाडीच्या टोकाला पेटीत बंद असेल, तर त्याचा उपयोग काय?

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेविषयीचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे अधिनियमाशी विसंगत असल्याचे सांगितले, २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम रद्द ठरवला आणि केंद्राला बंधनकारक किमान निकष ठरवण्यास सांगितले. सुगम्यता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उतरंड, लिफ्ट आणि ब्रेल पाट्या येतात. साहाय्यक श्वानाचा प्रवेश हाही त्याच साखळीतला दुवा आहे, हे अद्याप आपल्या गावी नाही.

गोव्याने पुढाकार का घ्यावा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक आढळले. यातील बहुतेक रुग्ण दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे आहेत आणि त्यांना श्वानाची गरज भासणार नाही. पण प्रौढांपैकी दर चौथा माणूस मधुमेही असलेल्या राज्यात साखर अचानक उतरणे म्हणजे काय, हे घराघराला ठाऊक आहे. ते वेळीच ओळखणाऱ्या कोणत्याही साधनाचा विचार करण्यास गोव्याइतके सबळ कारण दुसऱ्या राज्याला क्वचितच असेल.

दुसरे कारण पर्यटनाचे. ज्या देशांत साहाय्यक श्वान हा नित्याचा भाग आहे, त्या देशांतील पाहुणे येथे येतात. दाबोळी किंवा मोपा येथे उतरलेल्या अशा पाहुण्याच्या बाबतीत टॅक्सीचालकाने, हॉटेलच्या स्वागतकक्षाने, कदंबच्या वाहकाने काय करावे? जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरवून गोव्याने दिव्यांगांच्या प्रश्नावर देशात स्वतःची ओळख निर्माण केली. त्या उत्सवातील आतिथ्य वर्षाचे उरलेले दिवसही टिकवायचे असेल, तर त्याला नियमांचा आधार हवा.

तिसरे कारण रस्त्यावरचे. मोकाट कुत्र्यांच्या टोळीतून वाट काढणे कोणत्याही साहाय्यक श्वानाला कठीण जाते. एक हल्ला झाला, तरी भेदरलेला श्वान पुढे कामाचा राहत नाही. या आघाडीवर गोव्याची स्थिती तुलनेने बरी आहे. सामूहिक लसीकरणाच्या मोहिमेनंतर २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण आणि साहाय्यक श्वानांचा मुक्त संचार, ही एकमेकांविरुद्धची धोरणे नाहीत. पहिले नीट राबवले, तरच दुसरे शक्य होते.

इतरांच्या अनुभवातून

नियम करताना अमेरिकेचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवायला हवा. तेथील १९९० च्या दिव्यांग कायद्याखालील, मार्च २०११ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांत सेवा-श्वानाची व्याख्या स्पष्ट आहे: दिव्यांगत्वाशी निगडित विशिष्ट काम करण्यासाठी प्रशिक्षित कुत्रा. काम स्वच्छ दिसत नसेल, तर दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो. हा श्वान दिव्यांगत्वामुळे आवश्यक आहे का? त्याला कोणते काम शिकवले आहे? कागदपत्रे मागता येत नाहीत, आजाराचा तपशील विचारता येत नाही. कुत्रा आवरत नसेल किंवा घाण करत असेल, तर मात्र त्याला बाहेर काढता येते.

या उदार व्यवस्थेचा गैरफायदा घेणारेही निघाले. केवळ मानसिक आधार देणाऱ्या प्राण्यांना विमानात वेगळी सवलत होती. त्या सवलतीच्या आडून पाळीव प्राण्यांची मोफत वाहतूक सुरू झाली. पैसे भरताच प्रमाणपत्र व पट्टा घरपोच देणारी संकेतस्थळे फोफावली. २०१८ मध्ये तर न्यूआर्क विमानतळावर एक मोर आधार-प्राणी म्हणून विमानात नेण्याचा प्रयत्न झाला आणि कंपनीने तो नाकारला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या परिवहन विभागाने नियम बदलून विमानातील सेवा-प्राण्याची व्याख्या प्रशिक्षित श्वानापुरती मर्यादित केली आणि कंपन्यांना ठरावीक अर्ज मागण्याची मुभा दिली. दरम्यानच्या काळात सर्वाधिक नुकसान झाले ते खऱ्या गरजूंचे. खोट्या श्वानांना विटलेल्या दुकानदारांच्या संशयी नजरा त्यांच्या वाट्याला आल्या.

ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यातील टॅक्सीविषयक तरतूदही आपल्यासाठी उपयोगाची आहे. साहाय्यक श्वान असलेल्या प्रवाशाला टॅक्सीचालक नाकारू शकत नाही आणि श्वानासाठी जादा भाडे घेऊ शकत नाही. तसे करणे गुन्हा आहे. मात्र एखाद्या चालकाला कुत्र्यांची तीव्र ॲलर्जी असेल, तर वैद्यकीय पुराव्याच्या आधारे त्याला सूट मिळते आणि तसे प्रमाणपत्र गाडीत लावता येते. प्रवाशाचा हक्क आणि चालकाचे आरोग्य या दोन्हींचा विचार तेथे एकाच कायद्याने केला आहे.

नियम कसा असावा?

या अनुभवांवरून गोव्यासाठी नियमाचा आराखडा सहज उभा राहतो. पहिली गोष्ट व्याख्येची. साहाय्यक श्वान म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या दिव्यांगत्वाशी किंवा गंभीर दीर्घकालीन आजाराशी थेट निगडित असे विशिष्ट काम करण्यास प्रशिक्षित असलेला कुत्रा. त्याच्या सोबतीने बरे वाटते, एवढ्याने तो या व्याख्येत येत नाही. मधुमेह आणि अपस्मार यांचा उल्लेख नावाने असावा, म्हणजे अनुसूचीचा पेच दारात सोडवावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. केवळ पट्ट्यावर विसंबण्याची चूक आपण करू नये, कारण पट्टा कोणीही विकत घेऊ शकतो. त्याचबरोबर प्रत्येक दारात वैद्यकीय कागद दाखवण्याची नामुष्कीही रुग्णावर येऊ नये. यावर मधला मार्ग आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला, प्रशिक्षणाचा तपशील आणि चालू वर्षाचे रेबीज लसीकरण पाहून दिव्यांग आयुक्तालयाने एक ओळखपत्र द्यावे. त्यावर आजाराचे नाव नसावे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यासाठी त्याच्या देशातील प्रशिक्षणसंस्थेचे कागद ग्राह्य धरावेत.

तिसरी गोष्ट वर्तनाची. श्वान पट्ट्यात व ताब्यात असावा, जेवणाच्या टेबलावर किंवा आसनावर नसावा. तो अंगावर धावून गेला किंवा आवरेनासा झाला, तर त्याला बाहेर नेण्यास सांगण्याचा अधिकार आस्थापनेला असावा. शस्त्रक्रियागृह, भाजलेल्या रुग्णांचा कक्ष, उपाहारगृहाचे स्वयंपाकघर अशा ठिकाणी प्रवेश नाकारणे योग्यच आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसलेल्या रुग्णाच्या पायाशी निजलेल्या श्वानाला मात्र हरकत नसावी. कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचीही दखल घ्यावी, पण ती दोघांना अंतरावर बसवून. एकाला हाकलून दुसऱ्याची सोय करू नये.

चौथी गोष्ट दंडाची, आणि ती दोन्ही बाजूंनी लागू व्हावी. वैध ओळखपत्र असूनही प्रवेश नाकारणाऱ्यास दंड हवा आणि पाळीव कुत्र्याला साहाय्यक श्वान म्हणून खपवणाऱ्यासही हवा. दुसरा दंड नसेल, तर पहिल्याला लोकांचा पाठिंबा मिळणार नाही.

'असे श्वान आहेतच किती, की त्यांच्यासाठी नियम करावा?' हा प्रश्न येईलच. पण संख्या कमी असतानाच नियम करणे शहाणपणाचे, कारण तेव्हा कोणाचे हितसंबंध गुंतलेले नसतात आणि खोट्या प्रमाणपत्रांचा बाजारही उभा राहिलेला नसतो. शिवाय संख्या कमी असण्याचे एक कारण नियमाचा अभाव हेच आहे. ज्या श्वानाला बसमध्ये, बाजारात, कार्यालयात नेता येणार नाही, त्याच्या प्रशिक्षणावर दोन वर्षे आणि लाखो रुपये कोण खर्च करील?

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. विद्यमान अधिनियमाखाली नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे आणि शिफारस करण्याचा अधिकार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना आहे. भटक्या कुत्र्यांविषयीच्या न्यायालयीन निर्देशांची अंमलबजावणी करताना रुग्णालये, बसस्थानके आणि शाळांसाठी सूचना काढाव्याच लागणार आहेत. त्याच सूचनांत साहाय्यक श्वानाच्या अपवादाची दोन वाक्ये घालता येतील. स्फोटके हुंगणाऱ्या श्वानपथकाला आपण रेल्वेस्थानकात निःशंकपणे वाट करून देतो, कारण तो कुत्रा सर्वांचे रक्षण करतो, हे आपल्याला पटलेले आहे. एका रुग्णाचे रक्षण करणाऱ्या कुत्र्याला तीच वाट मिळावी, एवढीच ही मागणी आहे.